शास्त्रज्ञाची नोकरी जाते तेव्हां

गेल्या भाद्रपदांत गणपतीसाठीं सांगलीस थोरल्या बहिणीकडे गेलों होतों. साताऱ्याहून सांगली म्हणजे कांहीं परदेश नव्हे. परंतु आतांशा आमचें जाणें वर्षांतून एकदांच घडतें, आणि तें गणपतीच्या निमित्तानें. गांवभागांतील तें घर जुनें आहे. तीन भावांचीं बिऱ्हाडें, एक स्वयंपाकघर, आणि माजघरांत बसून सर्वांवर लक्ष ठेवणाऱ्या शहाऐंशी वर्षांच्या आजी, म्हणजे अक्काच्या सासूबाई. या खेपेस घर भरलेलें होतें, कारण हैदराबादेस असणारा माझा भाचाही आला होता. हा जीवतंत्रज्ञानांतील डॉक्टर. कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठांत एम्. एस्सी., पुढें पुण्यास पीएच्. डी., आणि त्यानंतर बारा वर्षें हैदराबादेच्या एका औषध-संशोधन कंपनींत नोकरी. मुंज असो कीं वास्तुशांत, ‘आमचा थोरला शास्त्रज्ञ आहे’ हें वाक्य आमचे मेहुणे कोणत्याही पाहुण्यास पहिल्या दहा मिनिटांतच ऐकवीत असत.

विसर्जन झालें, पाहुणे पांगले, पण हा कांहीं परत जाईना. विचारलें तर म्हणे, “मामा, आतां आम्हांला घरून काम करण्याची मुभा आहे.” रोज सकाळीं नऊ वाजतां माडीवर संगणक उघडून बसे, एक वाजतां जेवावयास खालीं येई व पुन्हां वर जाई. मीही चार दिवस अधिक राहिलों होतों. एके दुपारीं आजींनीं मला जवळ बोलावलें व हळूच म्हणाल्या, “तुम्ही जरा त्याला विचारून पाहा. दर वर्षीं जेवतांना त्याचा फोन वाजावयाचा, हा उष्ट्या हातानें उठावयाचा, आणि मी रागें भरावयाची. या वेळीं इतके दिवस झाले, एकदांही वाजला नाहीं.”

त्या संध्याकाळीं आम्ही दोघे आयर्विन पुलाकडे फिरावयास गेलों. कृष्णेला पाणी भरपूर होतें. पुलाच्या कठड्याशीं उभा राहून त्यानें सांगितलें कीं, नोकरी जाऊन दोन महिने झाले. सोबत हैदराबादेस शिक्षिका असलेल्या बायकोखेरीज हें कोणासही ठाऊक नव्हतें. घरीं दर महिन्यास येणारे पैसे तो शिलकेंतून पाठवीत होता.

हकीकत थोडक्यांत अशी. ज्या औषधावर त्यांचा गट चार वर्षें काम करीत होता, त्याचा परदेशी भागीदार मागें सरला. एके सकाळीं चौदाही जणांस एका खोलींत बोलावून तें सांगण्यांत आलें. दुपारपर्यंत त्यांचीं ओळखपत्रें परत घेतलीं गेलीं व प्रयोगशाळेचें दार त्यांस उघडेना. त्याला पगाराचें किंवा मानहानीचें जितकें लागलें नव्हतें, तितकें एका गोष्टीचें लागलें होतें. चौदा दिवसांचा एक प्रयोग चालू होता व तो त्या दिवशीं नवव्या दिवसावर होता. भांड्यांतील पेशींना वेळेवर अन्न मिळालें नाहीं तर त्या मरतात. “निदान थोड्या पेशी गोठवून ठेवूं द्या, तासाभराचें काम आहे,” असें त्यानें विनविलें. त्याची आतां गरज नाहीं, असें उत्तर मिळालें.

या पेशी म्हणजे काय, हें वाचकांस थोडें सांगावयास हवें. त्यावांचून त्याचें दुःख समजणार नाहीं. चिनी हॅमस्टर नांवाचा उंदरासारखा एक लहान प्राणी आहे. त्याच्या अंडाशयांतील पेशी 1957 सालीं अमेरिकेंत वेगळ्या काढण्यांत आल्या, आणि त्यांचाच वंश आज जगभर प्रयोगशाळांत वाढत आहे. कर्करोगावरील व सांधेदुखीवरील कित्येक आधुनिक औषधें रसायनांच्या मिश्रणानें तयार होत नाहींत. अशा पेशींच्या अंगीं योग्य तो गुण उतरवून त्यांच्याकडूनच तीं करवून घ्यावीं लागतात. पोलादी भांड्यांत सदतीस अंश उष्णता, मोजका प्राणवायु, मोजकी साखर, आणि आम्लता बिंदुमात्र इकडेतिकडे न होऊं देण्याची दक्षता. एक परका जंतु आंत शिरला कीं सर्व भांडें ओतून द्यावें लागतें. प्रयोगशाळेंतील लहान बाटल्यांत द्रवाचा रंग तांबूस असतो, व पेशींना कांहीं खुपूं लागलें कीं तो पिवळ्याकडे झुकतो. भाचा म्हणाला, “मामा, यंत्रें सगळें मोजतात, पण उद्यां हें भांडें बिघडणार, हें आमच्या गटांतल्या दोघांना आदल्या दिवशींच कळत असे. कसें, तें आम्हांला सांगतां येत नाहीं.” आमच्या आजींना विरजण लागलें कीं नाहीं हें भांड्याला हात लावतांच कळतें, त्यांतलाच हा प्रकार असावा.

मग प्रश्न असा कीं, एवढी विद्या ज्याच्या हातांत आहे, त्याला काढून टाकणें कोणास परवडतें? याचें उत्तर विज्ञानांत नाहीं, व्याजांत आहे. नवें औषध सिद्ध होऊन बाजारांत येण्यास दहा-बारा वर्षें लागतात. माणसांवरील चाचणीची पहिली पायरी चढलेल्या दहा औषधांपैकीं सुमारें नऊ शेवटच्या पायरीपर्यंत पोंचत नाहींत. ज्या लहान कंपन्या हें काम करतात, त्यांपाशीं विकावयास कांहींच नसतें. त्या गुंतवणूक करणाऱ्यांच्या पैशावर जगतात. व्याजाचे दर पडलेले असतात तेव्हां धनिक म्हणतो, बँकेंत ठेवून काय मिळणार, त्यापेक्षां यांत घालूं. 2020 व 2021 सालीं असेंच झालें. साथीच्या काळांत लशींना यश आलें, पैसा स्वस्त होता, आणि अमेरिकेंत जीवतंत्रज्ञानाच्या कंपन्यांकडे तो पुरासारखा वाहिला. मार्च 2022 पासून तेथील मध्यवर्ती बँक दर चढवूं लागली, आणि 2023 च्या उन्हाळ्यापर्यंत तो पांच टक्क्यांच्या वर गेला. पैशाचा पूर ओसरला. ज्यांचीं औषधें अजून आठ वर्षें दूर होतीं, त्यांनीं माणसें कमी केलीं. आणि ज्यांचीं कामें हैदराबाद, बेंगळुरू व पुणें येथील कंपन्या करून देत, त्यांनीं तीं कामेंही आवरतीं घेतलीं. सांगलीकरांना हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. येथील पेठेंत हळदीचा सौदा होतो तेव्हां भाव कांहीं हळदीच्या रंगावरच ठरत नाहीं. दूरच्या व्यापाऱ्याच्या गरजेवर ठरतो, व उत्तम हळकुंडें घेऊन आलेला शेतकरीही पडल्या भावानें विकून जातो.

आमच्या सातारच्या ओळखीच्या दोन घरांतलीं मुलें बोस्टनच्या आसपास याच धंद्यांत आहेत. त्यांच्या डोक्यावर आणखी एक टांगती तलवार असते. एच्-वन्-बी परवान्यावर काम करणाऱ्या माणसाची नोकरी गेली, तर 2017 पासूनच्या नियमानें त्यास फार तर साठ दिवस मिळतात. तेवढ्यांत दुसरा मालक किंवा दुसरा परवाना मिळविला नाहीं, तर देश सोडावा लागतो. साठ दिवसांत घर, मुलांची शाळा, गाडीचें कर्ज, सर्व. इकडे आईबाप मात्र दर रविवारीं दूरध्वनीवर ‘तिकडे थंडी किती’ एवढेंच विचारीत असतात.

नोकरी गेली म्हणजे माणसांत कांहीं उणें होतें, ही आपल्या घराघरांतली समजूत आहे, आणि ती या विषयापुरती तरी अगदीं खोटी आहे. दाखले द्यावयाचे तर, कोलेस्टेरॉलवरील लिपिटॉर हें औषध, ज्याचा खप एके काळीं जगांत सर्वांत मोठा होता, तें अमेरिकेंतील ॲन आर्बर येथील संशोधनकेंद्रांत जन्मलें. 2007 सालीं फायझर कंपनीनें तेंच केंद्र बंद करण्याचें जाहीर केलें. 2011 सालीं इंग्लंडांतील सँडविच येथील केंद्र मिटण्याचा निर्णय झाला, तेव्हां सुमारें 2,400 नोकऱ्यांवर गदा आली. व्हायग्रा तेथेंच निघालें होतें. आपल्याकडे 2014 सालीं ॲस्ट्राझेनेका कंपनीनें बेंगळुरूचें संशोधन थांबविलें व 168 जणांस त्याची झळ लागली. तेथें काम चाले तें क्षय व हिवताप यांवर. ज्या रोगांचे रोगी आपल्याच देशांत, पण ज्यांच्या औषधांत नफा नाहीं.

मुंबईच्या कथा त्याहून जुन्या आहेत. 1963 सालीं गोरेगांव येथें सिबा कंपनीचें संशोधनकेंद्र पंडित नेहरूंच्या हस्तें उघडलें गेलें, टी. आर. गोविंदाचारी यांच्यासारखा थोर रसायनशास्त्रज्ञ त्याचा प्रमुख होता. मुलुंड येथें हेक्स्ट कंपनीचें केंद्र होतें. तेथील शास्त्रज्ञांनीं 1970 नंतरच्या दशकांत मैनमुळापासून फोर्स्कोलिन नांवाचें द्रव्य वेगळें केलें. याच मुळांचें लोणचें कांहीं घरीं घालतात. हें द्रव्य पेशीच्या आंत संदेश कसे पोंचतात याचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत आजही लागतें. गोरेगांवचें केंद्र पुढें बंद पडलें. मुलुंडचें 1998 सालीं दुसऱ्या मालकाकडे गेलें, आणि त्या नव्या मालकानेंही 2014 सालीं नव्या औषधांचें संशोधन आखडतें घेतलें. या सर्व ठिकाणीं काम करणारे लोक अकुशल होते, असें म्हणण्याची कोणाची छाती आहे?

परंतु ज्या दाखल्यानें मला खरोखर अस्वस्थ केलें, तो पिंपरीचा. पुण्याहून मुंबईकडे जातांना आपण सारेच तिकडून जातों. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना 1954 सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें स्थापन झाला, आणि 1955 सालीं तेथून पेनिसिलीन बाहेर पडूं लागलें. सरकारी मालकीचा हा देशांतील पहिला औषधांचा कारखाना. त्यापूर्वीं पेनिसिलीनसाठीं परदेशाकडे तोंड करावें लागे. हा केवळ कारखाना नव्हता. त्यास संशोधनाचें अंग होतें. एम्. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं 1961 सालीं तेथें हॅमायसिन हें बुरशीनाशक औषध शोधून काढलें, आणि तें ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालें, त्याचें शास्त्रीय नांवच पिंपरीवरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असें पडलें. पुढें निघालेलें ऑरिओफंजिन हें पिकांवरील बुरशीवर चाललें, द्राक्षांवरही. सांगली जिल्ह्यांतील द्राक्षमळेवाल्यांस बुरशी म्हणजे काय, हें सांगावयास नकोच.

पेनिसिलीन करणें हें पेशी वाढविण्याच्या कामाचें थोरलें भावंड आहे. त्याची चांगलें उत्पन्न देणारी बुरशी 1943 सालीं अमेरिकेंतील पिओरिया गांवीं एका बुरसलेल्या खरबुजावर सांपडली, व आजच्या जाती बहुतांशीं तिच्याच वंशांतल्या. मका भिजविलेल्या पाण्याचा अर्क, साखर, आणि रात्रंदिवस ढवळणारी निर्जंतुक हवा यांवर ती हजारों लिटरांच्या भांड्यांत वाढवावयाची. ती जात वाढतां वाढतां हीण होते. म्हणून तिच्यांतील उत्तम तेवढी निवडून जपावी लागते. हवेच्या गाळणींत एक फट राहिली, तर असा एखादा जंतु शिरतो कीं जो झालेलें पेनिसिलीनच फोडून टाकतो. ही विद्या पुस्तकांत आहे, पण अर्धीच. उरलेली अर्धी पाळीवर काम करणाऱ्यांच्या हातांत असते, व एकानें दुसऱ्यास शेजारीं उभें करून शिकविल्यानेंच पुढें जाते.

1991 नंतर आयात मोकळी झाली. चीनमधून पेनिसिलीन इतक्या स्वस्त दरानें येऊं लागलें कीं, तें येथें करणें कोणासही परवडेना. पिंपरीचा कारखाना 1997 सालीं आजारी उद्योग म्हणून नोंदला गेला. डिसेंबर 2016 मध्यें केंद्र सरकारनें त्याची जादा जमीन विकून देणीं भागविण्याचें ठरविलें. जुलै 2019 मध्यें तुंबलेले पगार व स्वेच्छानिवृत्ति यांसाठीं 280 कोटि 15 लक्ष रुपये मंजूर केले. दरम्यान देशांत पेनिसिलीन-जी मोठ्या प्रमाणावर करणारा कोणी उरलाच नाहीं. मग 2020 सालीं साथ आली, सीमा मिटल्या, आणि ज्या मूळ द्रव्यांवांचून आपल्या गोळ्या होत नाहींत, तीं सर्व दुसऱ्याच्या हातांत आहेत, हें ध्यानीं आलें. अशीं द्रव्यें पुन्हां देशांत करावीं म्हणून सरकारनें 6,940 कोटि रुपयांची प्रोत्साहन-योजना आंखली. तीतून आंध्रांत काकिनाडा येथें अरविंदो समूहाचा नवा कारखाना उभा राहून 2024 सालीं पेनिसिलीन-जीचें उत्पादन पुन्हां सुरू झालें.

पिंपरी कोणत्याही किंमतीस वांचवावयास हवी होती, असें मी म्हणत नाहीं. यंत्रें जुनीं झालीं होतीं, भांडवल नव्हतें, औषधांच्या किंमतीवर बंधनें होतीं. पण आपल्या बायका परगांवीं जातांना विरजण शेजारणीकडे ठेवून जातात. घर बंद करण्यापूर्वीं विरजण कोठें ठेवावयाचें, हा प्रश्न त्या वेळीं कोणीं विचारला काय? माझ्या भाच्यास ज्या दिवशीं पेशी गोठवूं दिल्या नाहींत, त्या दिवशीं त्याच्या पुढेंही हाच प्रश्न होता.

त्याच्या गटाचे पुढें काय झालें, हें मीं खोदून विचारलें. तिघे लस व औषधें करणाऱ्या कारखान्यांत लागले. दोघांनीं पूर्वीं स्वतः जें निर्माण करीत, त्याच प्रकारच्या वस्तूंचे कागद तपासण्याचें काम पत्करलें. दोघे परदेशीं गेले. एक खाजगी शिकवणी घेतो, एक विमा विकतो, एक बाई सासरच्या दुकानांत बसतात. उरलेले चौघे शोधांत, त्यांत हा एक. चौदा जण मिळून जें जाणत होते, तें यांपैकीं एकटा कोणीही जाणत नाहीं. उद्यां तेंच काम कोणास हवें झालें, तर त्याला हीं माणसें एका खोलींत मिळावयाचीं नाहींत.

असो. घरीं सांगितल्यावांचून गत्यंतर नव्हतें, आणि त्यास एक निकडीचें कारण होतें, जें त्याच्याही ध्यानीं आलें नव्हतें. मेहुण्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर मिरजेस करावयाची ठरली होती, व ती मुलाच्या कंपनीच्या विम्यांतून होईल अशा समजुतीनें सारे निश्चिंत होते. पण तो विमा नोकरीबरोबरच संपलेला! मी थोडा रागावलों. म्हटलें, “अरे, तूं त्यांचें मन राखावयास गेलास आणि त्यांचे डोळे विसरलास.” तो कांहीं बोलला नाहीं.

त्या रात्रीं जेवणें उरकल्यावर माजघरांत त्यानें स्वतःच सर्वांना सांगितलें. अक्का पदर डोळ्यांस लावून बसली. मेहुणे बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “पण मग तुझें चुकलें तरी काय?” हा प्रश्न त्यांनीं रागानें विचारला नव्हता; चाळीस वर्षें एका शाळेंत नोकरी केलेल्या माणसास दुसरें कांहीं सुचेना, इतकेंच. भाचा खालीं पाहत राहिला. तेव्हां आजी म्हणाल्या, “चुकलें असतें तर एकट्याला काढलें असतें. चौदा जणांचें एकाच सकाळीं कसें चुकेल रे?” आणि सुनेला म्हणाल्या, “उद्यां त्याला सकाळीं वर बसवूं नका. दोन महिने झोंपला नाहीं तो, झोंपूं दे.”

दुसरे दिवशीं कागद काढले. त्याच विमा कंपनीकडे सामुदायिक विम्यांतून वैयक्तिक विम्यांत जाण्यासाठीं अर्ज करतां येत होता, पण मुदत होती. चौकशींत कळलें कीं अवघे सहा दिवस उरले आहेत. अर्ज गेला. असा प्रसंग ज्या घरावर येईल, त्यांनीं पहिल्या आठवड्यांतच ही चौकशी करावी. आणखी एक गोष्ट या निमित्तानें समजली. त्या सकाळीं सर्वांपुढें राजीनाम्याचा छापील कागद ठेवण्यांत आला होता, व बहुतेकांनीं गोंधळून त्यावर सही केली. राजीनामा आणि कामावरून कमी केलें जाणें, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलींत मागण्यासारखें फार थोडें उरतें. आमच्या भाच्यानें मात्र ‘कमी केल्याचें पत्र द्या’ असा आग्रह धरला व तें मिळविलें. त्यामुळें त्यास तीन महिन्यांचा पगार अधिक मिळाला, आणि पांच वर्षांहून अधिक नोकरी झालेली असल्यानें ग्रॅच्युइटीही मिळाली. घाबरलेल्या माणसास असें सुचत नाहीं. म्हणून सही करण्यापूर्वीं घरच्या एका वडील माणसास दूरध्वनि करावा, मग तो माणूस शास्त्रज्ञ नसला तरी चालेल.

आतां घरांत दुसराच वाद उभा राहिला. मेहुण्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा बारावींत आहे व त्यास जीवतंत्रज्ञानाकडेच जावयाचें आहे; दादाकडे पाहूनच तें खूळ शिरलेलें. त्याचे वडील म्हणाले, झालें हें पुरे, याला आतां संगणकाकडे घालूं. धाकटी जाऊबाई म्हणाल्या, संगणकवाल्यांच्या नोकऱ्या काय जात नाहींत? हें खरें होतें, व त्यावर कोणास उत्तर देतां येईना. शेवटीं सर्वांनीं भाच्याकडेच पाहिलें.

तो म्हणाला, “जाऊं दे त्याला, काका. पण नांवावर भुलून नको. एकदम बायोटेक्नॉलॉजी म्हणून जी पदवी मिळते, तींत प्रत्येक विषयाची चव असते, पोट कशानेंच भरत नाहीं. त्यानें आधीं सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र नीट करावें, संख्याशास्त्र शिकावें. कॉलेज पाहावयास जाल तेव्हां इमारत पाहूं नका. यंत्रांना मुलें स्वतः हात लावतात कीं कांचेच्या कपाटांतून पाहतात, तें विचारा. मागल्या तीन वर्षांचीं मुलें आज कोठें आहेत, तें विचारा. सांगत नसतील तर उठून या.” मग थोडें थांबून म्हणाला, “आणि पीएच्. डी. करावयाची ती एखादा प्रश्न झोंपूं देत नाहीं म्हणून. नोकरी मिळत नाहीं म्हणून करूं नये. माझ्या गटांत अशीं दोन माणसें होतीं, त्यांचे हाल मीं पाहिले आहेत.”

“तुला पुन्हां निवड करावयाची असती तर?” असें त्या मुलानें विचारलें. मोठीं माणसें हें विचारण्यास धजलीं नव्हतीं.

“हेंच केलें असतें,” तो म्हणाला. “फक्त घरीं लवकर सांगितलें असतें.”

मी साताऱ्यास परतल्यावर पुढें अक्काचें पत्र आलें. कार्तिकांत त्यास पुण्यास एका कारखान्यांत अकरा महिन्यांच्या करारानें काम मिळालें आहे. पगार पूर्वींच्या निम्म्याहून थोडा अधिक. काम लशींच्या भांड्यांवर देखरेख करण्याचें, रात्रपाळीही आहे. एके काळीं जें तो इतरांकडून करवून घेई, तें आतां स्वतः करावें लागतें. बायको व मुलगी शाळेचें वर्ष संपेपर्यंत हैदराबादेसच राहतील. मेहुण्यांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. विम्याच्या नव्या अटींमुळें निम्मे पैसे घरांतून घालावे लागले. माडीचें छप्पर गळतें तें या वर्षीं बदलावयाचें होतें, पण तें काम पुढल्या वर्षावर टाकलें आहे. आणि मेहुणे हल्लीं पाहुण्यांस काय सांगतात, असें मीं उलट टपालीं विचारलें होतें. त्यावर अक्कानें लिहिलें कीं, ‘थोरला पुण्यास लशी करतो’ असें सांगतात, व पाहुणे पूर्वींपेक्षां अधिक प्रश्न विचारतात.